धडकीमावशीची साक्ष

माझ्या मावशीला सगळी गल्ली धडकी म्हणायची. तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण ते खरंच होतं. दार वाजलं की तिला धडकी भरायची, आणि दार वाजलं नाही तर अजून कसं वाजलं नाही म्हणून भरायची. कुत्र्याला ती भ्यायची, जिन्याला भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची आणि कुणी फार गोड बोललं तर सगळ्यात जास्त भ्यायची. भट्टीवाली बाई विस्तवाला भिते म्हटल्यावर लोक हसणारच. पण ती जन्मभर त्या भट्टीपुढे उभी राहिली. रोज पहिला पाव आत ढकलताना मात्र डोळे घट्ट मिटून घ्यायची.

माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडे कणीक मळायला आले आणि तिथलीच झाले. माझा स्वभाव तिच्या अगदी उलटा. मला आधी राग येतो, भीती मागाहून सवडीनं येते. मी तिला म्हणायचे, मावशी, तुझ्या छातीत सशाचं काळीज आहे. ती म्हणायची, ससा निदान पळतो तरी.

भट्टीच्या मागे एक लांबट खोली होती आणि तिला लागून लाकडं ठेवायची एक लहान खोली. मावशीचे यजमान, आमचे काका, होते तेव्हापासून ख्रिस्ती मंडळी त्या लांबट खोलीत जमायची. मधोमध एक मेज, मेजावर मावशीनं भाजलेली भाकर, भोवती उभी माणसं. ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असे ते शिकाऊ लोक लाकडांच्या खोलीत बसत. त्यांना शिकवायची पुस्तकं तिथं वाचली जात. मेजाशी उभं राहून जे वाचायचं ते देवाचं वचन, आणि लाकडांत बसून वाचायचं ते चांगलं वाचन. एवढाच काय तो फरक, आणि तो कुणी कुठं लिहून ठेवलेला नव्हता.

आजकालच्या पोरींना वाटतं की शास्त्र आभाळातून बांधून, शिवून, पाठीला चामडं लावूनच खाली पडलं. मला हसू येतं. आमच्याकडे एक जाड पुस्तक होतं, त्यात चारही शुभवर्तमानं होती, त्याला आम्ही मोठं पुस्तक म्हणायचो. प्रेषितांची पत्रं सुटी होती, कुणी कुठून उतरवून आणलेली. त्यातल्या एकावरून दर वेळी वाद व्हायचा, की हे खरंच त्यांचं की कुणीतरी त्यांच्या नावावर खपवलेलं. शेजारच्या गावात जे वाचत ते आमच्याकडे नव्हतं, आमच्याकडचं त्यांना ठाऊक नव्हतं. येशू देव होता तर किती देव होता, बापाच्या बरोबरीचा की एक पायरी खाली, हे विचारलं तर दोन वडीलधाऱ्यांची तीन मतं निघत. तरी सगळे एकाच मेजावरची भाकर खात होते.

आणि आमच्याकडे एक नावाड्याचं पुस्तक होतं. कुणी लिहिलं ते माहीत नाही. ते वाचणारे जुने बिशप मी आले तेव्हा नुकतेच वारले होते आणि त्यांच्यामागे ते कुणी उघडलं नव्हतं, त्यामुळे ते पुस्तक मी फक्त मावशीच्या तोंडून ऐकलं, कणीक मळता मळता. त्यात पलीकडच्या तीरावर नेणारा एक नावाडी असतो. काठावर गर्दी. धट्टेकट्टे लोक पुढे सरसावतात, म्हणतात, आम्ही तुझ्यासाठी मार खाल्ला, आम्हाला आधी घे. मागे एक जण खाली मान घालून उभा असतो. त्यानं भीतीपोटी सांगितलेलं असतं की मी या नावाड्याला ओळखत नाही. नावाडी त्यालाच हाक मारतो आणि म्हणतो, भ्यालेल्याला आधी बसवा, त्याला पाणी दिसतंय.

इथं मावशी मळायची थांबायची. मोठ्या पुस्तकात काय काय आहे ते तिलाही माहीत होतं, पण त्यातली पुष्कळ माणसं तिला फार शूर वाटत. हे एवढं तिचं होतं.

मग सम्राटाचा हुकूम आला. ख्रिस्ती लोकांच्या बैठका बंद, पुस्तकं जप्त करून जाळा. चौकात तो वाचून दाखवला तेव्हा मावशी पावांची टोपली घेऊन तिथंच होती. ती घरी आली, दाराला कडी घातली आणि भर दिवसा दिवा विझवून बसली. मी म्हटलं, दिवा लागलाच नव्हता, मावशी. तिला ते कळलंच नाही.

आमचे वाचक, म्हणजे मंडळीत पुस्तकं वाचून दाखवणारे, धंद्यानं शिंपी होते. त्यांनी पुस्तकं घराघरात वाटून टाकली. दोन त्यांनी पिठाच्या पोत्यात घालून मावशीकडे आणली. ती हातापाया पडली, की मला नको, मला जमणार नाही, माझ्या तोंडावर दिसेल. शिंपी शांतपणे म्हणाले, तेच तर बरं. तुम्ही बारा महिने घाबरलेल्याच असता. तुमच्याकडे बघून कुणाला काय कळणार? मोठं पुस्तक तिच्या हातात देऊन त्यांनी सांगितलं, हे जिवापाड जपा. दुसरं नावाड्याचं होतं. त्याच्याविषयी ते काहीच बोलले नाहीत, नुसतं ठेवून गेले. आम्ही दोन्ही पुस्तकं पिठाच्या पिंपात अगदी तळाशी पुरली.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी माझी बोटं गार पडतात, आणि मी काही भित्री नाही. रस्त्यात कुणाची पावलं थांबली की आम्ही दोघी थांबायचो. मावशीनं त्या पिंपातलं पीठ घ्यायचं सोडलं, मग तिला वाटलं की एक पिंप कमी होत नाही हे कुणाच्या लक्षात येईल, म्हणून वरवरचं घ्यायला लागली. मग वाटलं फार कमी झालं, म्हणून परत ओतायला लागली. झोपेत तिचे ओठ हलायचे. एकदा गिऱ्हाइकानं सहज विचारलं, काय बाई, आज पीठ जाडं आहे का? ती मटकन खाली बसली. गिऱ्हाइकानं तिला पाणी पाजलं आणि हसत गेलं, कारण धडकी ती धडकीच.

ते आले भर दुपारी. दुपारचे पाव फुगून तयार होते, भट्टी लाल झाली होती. एक अंमलदार, एक कारकून, दोन शिपाई. आरडाओरडा नाही, लाथा नाहीत. अंमलदारानं आधी एक पाव मागितला आणि उभ्या उभ्या खायला लागला. चांगला झालाय म्हणाला. मग म्हणाला, शिंपी आमच्याकडे आहे, त्यानं इथं काहीतरी ठेवलंय असं आमच्या कानावर आलंय, तेवढं द्या म्हणजे आम्ही निघालो. मावशी पानासारखी थरथरत होती. तो म्हणाला, "आई, घाबरू नका. तुम्हाला कुणी हात लावणार नाही. पिंपं फोडायला लावू नका मला, पीठ वाया जाईल."

इतक्या प्रेमानं बोलला तो, की माझं डोकं फिरलं. शिपाई पिंपांवर नुसत्या काठ्या टेकवून उभे होते. एक पिंप, दुसरं पिंप, मग ते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी पुढे झाली. तिनं बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पिठात घातले. ती चाचपत होती ते मला दिसत होतं. मोठ्याला लाकडी पुठ्ठे होते, नावाड्याचं मऊ चामड्याचं होतं, हाताला लगेच कळणारं. तरी तिला फार वेळ लागला. मग तिनं हात बाहेर काढले तेव्हा त्यात मऊ पुस्तक होतं.

कारकुनानं दोनचार पानं चाळली आणि मान हलवली, की हो, ह्यांचंच आहे. अंमलदारानं तोंडातला घास संपवला. म्हणाला, कशाला ओझं न्यायचं, भट्टी आहेच की. आणि बाजूला सरकून त्यानं मावशीला वाट दिली.

तिनं ते पुस्तक लांब दांड्याच्या फळीवर ठेवलं, पाव ठेवतो तसं, आणि आत सारलं. डोळे मिटले नाहीत. चामडं आधी आकसलं, मग पानं एकेक करून वळली, जणू कुणी घाईघाईनं वाचतंय. वास सुटला तो जळक्या मांसाचा. सगळं काळं होईपर्यंत ते चौघं थांबले. जाताना अंमलदारानं पावाचे पैसे ठेवले.

मावशी म्हणाली, "पाव घाल आत. फुगलेत, बसतील." त्याच विस्तवावर आम्ही दुपारचे पाव भाजले आणि विकले. संध्याकाळी मी तिला विचारलं की तेच का दिलंस, तुझं इतकं आवडतं. ती म्हणाली, मोठं जपायला सांगितलं होतं. ह्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ते माझंच असं धरून मी दिलं. माझंच देता येत होतं मला.

शिंपी तुरुंगातच वारले. पुढं दुसरा हुकूम निघाला, तो पुस्तकांचा नव्हता, माणसांचा होता. सगळ्यांनी सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा. मावशीचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ, बंदरावर दोर वळायचा. दोरवाल्यांना ओळीनं उभं केलं. त्याच्या पुढचा माणूस नाही म्हणाला, तर त्याचे दोन्ही गुडघे तिथंच फोडले. मग ह्याची पाळी आली. ह्यानं धूप टाकला. घरी येऊन उंबऱ्यातच उभा राहिला आणि आईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आईचाच मुलगा तो, फक्त अंगानं थोराड. मावशी एवढंच म्हणाली, "आत ये. जेवून घे." तो आत आला, जेवला मात्र नाही.

सम्राट मेला, दुसरा आला, त्यानं हुकूम मागं घेतले. सुखाचे दिवस आले असं वाटलं असेल तर ते चूक. बाहेरची भीती गेली आणि आतली आली. आत्तापर्यंत शिपाई दार वाजवायचे, आता आपलीच माणसं वाजवायला लागली.

खाणीत पाठवलेले परत आले, कुणी लंगडत, कुणी खोकत. एकाचा डोळा काढलेला होता. सगळे त्याला एकडोळे दादा म्हणत आणि त्याच्यापुढे मान खाली घालत, मीसुद्धा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही सगळं सोसलं आणि धूप टाकणारे आमच्या शेजारी उभे राहून तीच भाकर खाणार, हे चालायचं नाही. तेव्हा असं ठरलं की धूप टाकणाऱ्यांनी सभेच्या वेळी दाराबाहेर उभं राहायचं आणि आत जाणाऱ्यांना म्हणायचं, माझ्यासाठी प्रार्थना करा. किती दिवस, ते नंतर ठरेल. आणि ज्यांनी शास्त्र शत्रूच्या हाती दिलं त्यांनाही तीच शिक्षा. दुसरं काही पुस्तक देऊन ज्यांनी वेळ मारून नेली, त्यांना दोष नाही.

माझा मावसभाऊ दाराबाहेर उभा राहायला लागला. भिंतीला पाठ लावून, मान खाली. प्रार्थना करा एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघायचं नाही. रोज सकाळी ज्या मुलाला वाढायची, त्याच्याच समोरून सभेच्या दिवशी मावशी भाकरीची टोपली घेऊन मान वळवून आत जायची. तसा नियम होता, त्यांच्याशी बोलायचं नाही. 

वर्ष झालं. बाहेरच्यांना आत घ्यायचं का, यावर वडिलांमध्ये, म्हणजे मंडळीच्या पंचांमध्ये, दोन तट पडले, एक कडक आणि एक मवाळ. मवाळांचं म्हणणं, नावाड्याच्या पुस्तकात स्पष्ट आहे, भ्यालेल्याला आधी बसवा, तेव्हा ह्यांना आत घ्या. कडक म्हणाले, ते काय शास्त्र आहे? ती गोष्ट आहे, शिकाऊंना लाकडांच्या खोलीत वाचून दाखवायची. मवाळ म्हणाले, जुने बिशप ते मेजाशी वाचत. कडक म्हणाले, कुणी ऐकलंय? तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की जुन्या बिशपांच्या काळी मेजाशी उभं राहणारं आता कुणी उरलंच नाही. कुणी मेलं, कुणी परागंदा झालं, उरलेले दाराबाहेर, आणि बाहेरच्यांची साक्ष चालत नव्हती. एक भट्टीवाली तेवढी होती.

मग एकडोळे दादा म्हणाले, ते शास्त्र असेल तर मग ते जाळलं कुणी?

असा फास पडला. मावशीनं सांगितलं की ते मेजाशी वाचत, तर ते शास्त्र ठरणार, मुलगा आत येणार, आणि ते शत्रूला दिलं म्हणून ती बाहेर जाणार. तिनं सांगितलं की लाकडांत वाचत, तर ती निर्दोष, आणि मुलगा मरेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा. देवाघरचा न्याय कसा असेल मला माहीत नाही, पण तोही इतका चपखल नसावा.

नवे बिशप स्वतः भट्टीवर आले. दुसऱ्या गावाहून आलेले, शिकलेले, आवाज मऊ. मला ते आवडत नव्हते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मावशीला खरं ते सांगितलं. मोठ्या शहरांतून पत्रं येतायत, कुठली पुस्तकं वाचायची आणि कुठली नाहीत याची. त्यात नावाडी कुठेच नाही. प्रत्येक गावानं आपापलं पुस्तक धरून ठेवलं तर उद्या प्रत्येक गावाचा ख्रिस्त वेगळा होईल. त्यांच्या डोळ्यांत खरीच भीती होती, हे मला आता कळतं. मग हळूच म्हणाले, बाई, ते पुस्तक लाकडांच्याच खोलीत वाचत असतील. तुम्ही आत राहाल. तुमच्या हातची भाकर मला मेजावर हवी आहे.

ते गेल्यावर मावशीला ताप भरला. फार गोड बोललं की तिचं असंच व्हायचं.

मी तिच्या मागे लागले. म्हटलं, तू म्हातारी आहेस, बाहेर थंडीत उभं राहून मरशील. तुझी भाकर मेजावर नसेल तर गल्लीतलं गिऱ्हाईकही तुटेल. आणि मेल्यावर मंडळीच्या जागेत काकांच्या शेजारी कोण पुरू देईल तुला? हे शेवटचं मी बोलायला नको होतं, ती भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारी मावसभाऊ मागच्या दारानं आला. उकिडवा बसला आणि दोराचं एक टोक उलगडत म्हणाला, "आई, लाकडात वाचायचे असं सांग. मला बाहेर उभं राहायची सवय झाली आहे. तुला नाही जमायचं."

ती म्हणाली, "मला काय जमतं आजपर्यंत?"

"तेच म्हणतोय."

"लोक बघतात का रे फार?"

त्यानं दोराचा आणखी एक पेड सोडवला. मग म्हणाला, "बघत नाहीत. तेच वाईट असतं."

चौकशी त्या लांबट खोलीतच झाली. मेजामागे पाच वडील आणि मध्ये बिशप. मला मागे भिंतीशी उभं राहायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. मावशीनं धुतलेला पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तिचे दात वाजत होते आणि त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू येत होते. मला वाटलं ही आता पडणार. पडली असती तर बरं झालं असतं, चौकशी टळली असती, असंही वाटलं.

बिशपांनी विचारलं की नावाड्याचं पुस्तक जुने बिशप कुठं वाचत. तिनं मेजाकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "इथं. ह्या मेजाशी."

 बिशपांनी हातातली लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, "नीट आठवा, बाई. फार वर्षं झाली. तुमचं वय झालंय."

"वय झालं, पण भीती कमी झालेली नाही. भ्यालेल्या माणसाला सगळं आठवतं. ते इथं उभे असायचे, मोठं पुस्तक वाचायचे आणि ते मिटून हे वाचायचे. तोच आवाज. मी तिथं, त्या कोपऱ्यात असायची."

एकडोळे दादा पुढे वाकले. "आणि तूच ते जाळलंस. मेजावरचं आहे हे माहीत असताना."

"हो."

"का?"

"भ्याले होते," मावशी म्हणाली. आणि मग, तिनं आपणहून कुणाला प्रश्न विचारल्याचं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, ती बिशपांकडे बघून म्हणाली, "मग आता तो येईल ना आत?"

त्यांनी लेखणी उचलली. आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आम्ही भट्टीपाशी थांबलो. भट्टी विझलेली होती तरी मावशी तिच्या तोंडाला हात शेकत बसली. आत आवाज चढत होते, उतरत होते. मध्येच त्यांनी मवाळांपैकी, दुसऱ्यांकडून ऐकून पुस्तक पाठ केलेल्या, तिघांना बोलावलं आणि नावाड्याचं पुस्तक तोंडपाठ म्हणायला सांगितलं. एकाचा नावाडी म्हणाला, भ्यालेल्याला आधी बसवा. दुसऱ्याचा म्हणाला, भ्यालेल्यालाही बसवा. तिसऱ्याला नावाडी आठवत होता, पण तो काय बोलला ते आठवेना.

निकाल बिशपांनी स्वतः सांगितला, आमच्याकडे न बघता. साक्षीवरून असं दिसतं की हे पुस्तक या मंडळीत शास्त्र म्हणून वाचलं जात होतं. सबब ते शत्रूच्या हाती देणारी बाई दोषी आहे, तिनं दाराबाहेर उभं राहावं. आता पुस्तकाविषयी. त्याची प्रत या गावात नाही, शेजारच्या गावांत नाही, पाठ असणाऱ्यांचे पाठ जुळत नाहीत. जे पुस्तक उघडून दाखवता येत नाही, त्याच्या आधारावर कुणाला आत घेता येत नाही. सबब बाहेरचे आहेत तिथंच राहतील.

मी ओरडले. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. म्हणजे पापासाठी ते शास्त्र आणि क्षमेसाठी ते राख! एका वडिलांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. एकडोळे दादा मान खाली घालून बसले होते. त्यांनाही हे असं नको असावं, पण ते बोलले नाहीत. आणि मावशी? तिला निकाल समजायलाच वेळ लागला. दोनदा तिनं मला विचारलं, म्हणजे तो येणार की नाही? मी म्हटलं, नाही. तू पण नाही. ती म्हणाली, अगं बाई, आणि तिनं कपाळाला हात लावला.

पुढच्या सभेच्या दिवशी मेजावरची भाकर दुसऱ्या भट्टीवरून आली. आपल्याच घराच्या मागच्या खोलीत जायचं नाही, पुढच्या दारानं बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून, त्या दाराबाहेर रस्त्यावर उभं राहायचं. मावशी निघाली तेव्हा तिचे पाय उचलत नव्हते. मी तिच्याबरोबर गेले. मला आत जायला मनाई नव्हती, पण त्या दिवशी माझा पाय मुरगळला होता असं मी ठरवलं होतं.

मावसभाऊ भिंतीशी होता. आणखी चौघं होते. माणसं आत जायला लागली. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती समोर उभी, आणि माणसं उंबऱ्याकडे बघत जात होती. मावशीनं प्रत्येकाला म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा. पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा जरा आलं. मग तिनं पोराकडे बघितलं आणि पुढच्या बाईला म्हणाली, "ह्याच्यासाठी करा. ह्याला बोलता येत नाही." ती बाई थांबली, लाल झाली आणि आत पळाली.

मग आतून दाराला अडसर पडला. त्या आवाजानं मावशी दचकली, भिंतीला चिकटली. आत मोठं पुस्तक उघडलं असणार, कारण नव्या वाचकाचा आवाज सुरू झाला. जे तिनं कोपरापर्यंत हात पिठात घालून राखलं होतं, तेच. पण रस्त्यावर गाड्या होत्या, कोंबड्या होत्या, कुणीतरी हातोडा मारत होतं, आणि आवाजाचा नुसता घोळ येत होता. ती मान वाकडी करून ऐकायचा प्रयत्न करत होती. घाबरून तिचा श्वास इतका मोठा झाला होता की तिला स्वतःचाच आवाज येत असेल.

मावसभावानं तिचा दंड धरला. वर्षभरात त्यानं तिला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यानं तिला दोन पावलं सरकवली, दाराच्या बिजागरीपाशी, जिथं लाकूड वाळून चौकटीपासून जरासं सुटलं होतं, आणि तिचं डोकं हळूच त्या फटीशी टेकवलं.

"इथं उभी राहा, आई," तो म्हणाला. "इथून सगळं ऐकू येतं."